मार्सेल ब्रोटार्स : स्वतःचे पुस्तक प्लास्टरमध्ये पुरणारा कवी

शाईओल

१९६४ च्या एप्रिल महिन्यात ब्रसेल्समधील सँ-लोराँ नावाच्या लहानशा कलादालनात, चाळिशी गाठलेल्या एका कवीने आपले पहिले प्रदर्शन मांडले. त्यात त्याच्याच ताज्या कवितासंग्रहाच्या न खपलेल्या सुमारे पन्नास प्रती होत्या. त्यांचा गठ्ठा त्याने ओल्या प्लास्टरमध्ये असा रोवला होता की प्लास्टर वाळल्यावर पुस्तके समोर दिसत राहिली, पण ती उघडणे कोणालाच शक्य राहिले नाही. त्या कवीचे नाव मार्सेल ब्रोटार्स. पुढच्या बारा वर्षांत त्याने जे केले त्यामुळे संकल्पनात्मक कलेच्या, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यामागच्या कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेच्या, इतिहासात त्याचे स्थान पक्के झाले. तरीही त्याच्याविषयी सांगताना 'कविता सोडून कलेकडे वळलेला माणूस' असे जे एक वाक्य सरसकट वापरले जाते ते मला चुकीचे वाटते, आणि ते का चुकीचे वाटते हे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी देते. ब्रोटार्सचा जन्म २८ जानेवारी १९२४ रोजी ब्रसेल्समध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तो बेल्जियन अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांतून कला घडवणाऱ्यांच्या, वर्तुळात वावरू लागला आणि १९४५ च्या सुमारास चित्रकार रने माग्रितने त्याला स्तेफान मालार्मे या फ्रेंच कवीच्या एका दीर्घकवितेची प्रत भेट दिली. ही भेट लक्षात ठेवावी, कारण पंचवीस वर्षांनी तिचे फळ आपल्याला दिसणार आहे. मधली वीस वर्षे हलाखीची होती. जुनी पुस्तके विकणे, वृत्तपत्रांसाठी लिहिणे, छायाचित्रे काढणे, कलादालनात प्रेक्षकांना चित्रे समजावून सांगणे अशी मिळतील ती कामे करत तो कविता लिहीत राहिला. १९५७ पासून १९६४ पर्यंत चार संग्रह निघाले आणि त्यांना वाचक असे फारसे लाभले नाहीत.

चौथ्या संग्रहाचे नाव 'पाँस-बेत'. काही विसरू नये म्हणून लिहून ठेवलेल्या चिठोऱ्याला फ्रेंचमध्ये हा शब्द आहे. आपल्याकडे पदराला गाठ मारतात, तसेच काहीसे. मात्र या शब्दाचे दोन तुकडे केले तर 'विचार करणे' आणि 'प्राणी' किंवा 'मूढ' असे अर्थ हाती येतात, आणि संग्रहातल्या कविताही बऱ्याच अंशी प्राण्यांवरच्या आहेत. आठवणीसाठी मारलेली गाठ कवीने स्वतःच प्लास्टरमध्ये कायमची बंद केली, ही गोष्ट त्या नावामुळे अधिक बोचते.

खरी महत्त्वाची घटना यानंतरची आहे. दहा वर्षांनी एका मुलाखतीत ब्रोटार्सने सांगितले की पुस्तकातला मजकूर काय आहे याविषयी त्या प्रदर्शनात कोणालाही कुतूहल वाटले नाही. इथे गद्य पुरले आहे की पद्य, दुःख पुरले आहे की आनंद, हे कोणीही विचारले नाही. लोकांनी त्या गठ्ठ्याकडे शिल्प म्हणून पाहिले आणि ते पुढे सरकले. प्लास्टरमध्ये रोवण्याआधीही त्याने त्याच संग्रहाच्या काही प्रतींत कवितांच्या ओळींवर रंगीत कागदाचे तुकडे चिकटवले होते. तो कागद उचलला की खालची ओळ वाचता येत असे, पण ओळी झाकल्या गेल्या यापेक्षा रंगांची मांडणी सुंदर दिसते एवढेच पाहणाऱ्यांना जाणवले.

माझे म्हणणे असे आहे की ब्रोटार्सचे पुढचे सगळे काम या एका अनुभवातून वाढले. छापलेला शब्द वाचायचा सोडून लोक त्याच्याकडे वस्तू म्हणून केव्हा पाहू लागतात, आणि असे पाहणे त्यांना शिकवते कोण, हा प्रश्न कवीचा आहे. तो त्याने कविता लिहून विचारला तेव्हा कोणी ऐकले नाही, म्हणून त्याने तोच प्रश्न प्लास्टर, शिंपले, अंड्यांची टरफले, चित्रफिती आणि अखेरीस एक संपूर्ण संग्रहालय वापरून विचारला.

मालार्मेच्या भेटीचे फळ १९६९ साली दिसले. मालार्मेची ती दीर्घकविता १८९७ मध्ये प्रथम एका नियतकालिकात छापली गेली आणि कवीच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिचे शब्द लहानमोठ्या टाइपांत समोरासमोरच्या दोन पानांवर विखुरलेले आहेत आणि मधली कोरी जागा कवितेचाच भाग आहे. ब्रोटार्सने १९१४ च्या आवृत्तीचे मुखपृष्ठ जसेच्या तसे घेतले, त्यावरचा 'कविता' हा शब्द काढून तिथे 'प्रतिमा' असे छापले आणि आतील प्रत्येक ओळीच्या जागी काळी पट्टी टाकली. टाइप जेवढा ठळक तेवढी पट्टी जाड, ओळ जेवढी लांब तेवढी पट्टी लांब. तीनशे प्रती साध्या कागदावर, नव्वद प्रती अर्धपारदर्शक कागदावर आणि दहा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर काढल्या. अर्धपारदर्शक कागदावरच्या आवृत्तीत पुढच्या पानांवरच्या पट्ट्याही मागून अंधुक दिसत राहतात, त्यामुळे संपूर्ण कविता एकाच वेळी नजरेसमोर येते आणि तिचा एकही शब्द कळत नाही. प्रस्तावनेच्या जागी मात्र कवितेचा सगळा मजकूर त्याने सलग गद्यासारखा छापला, आणि अँटवर्पच्या कलादालनात हे काम मांडले तेव्हा ती कविता वाचणारा त्याचा स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज तिथे ऐकू येत होता. म्हणजे शब्द होते आणि पानही होते, फक्त दोघांची फारकत झाली होती. ज्याने कविता सोडून दिली आहे तो इतक्या काळजीने प्रत्येक ओळीची लांबी मोजत बसणार नाही, असे मला मनापासून वाटते.

---

वाचनखूण

अतिशय नेमके लिहिले आहे आणि मालार्मेवरचा भाग वाचून त्या पट्ट्या पाहण्याची इच्छा झाली. तरीही एक शंका मनात आहे, ती मांडतो. १९६४ च्या त्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका प्रसिद्ध आहे. मासिकांच्या फाडलेल्या पानांवर ती छापली होती. आपणही काही विकून आयुष्यात यशस्वी होऊ शकू का, असा प्रश्न आपल्याला पडला, बराच काळ आपण कशाच्याच उपयोगाचे नव्हतो, अखेर काहीतरी अप्रामाणिक शोधून काढण्याची कल्पना मनात आली आणि आपण लगेच कामाला लागलो, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. माल विकला गेला तर कलादालनाचा मालक तीस टक्के घेणार आहे, हेही त्याने त्यात सांगून टाकले आहे. कलावंत स्वतःच आपल्या कामाला अप्रामाणिक म्हणत असताना आपण त्यात कवीची निष्ठा शोधणे, हा आपला भाबडेपणा तर नाही ना?

दुसरे असे की १९६० च्या दशकात असे प्रयोग करणारे अनेक जण होते. जॉर्ज सीगल या अमेरिकन शिल्पकाराच्या प्लास्टरच्या मानवाकृती ब्रोटार्सने पॅरिसमध्ये पाहिल्या होत्या. १९६२ मध्ये पिएरो मान्झोनी या इटालियन कलावंताने तर खुद्द ब्रोटार्सलाच कलाकृती म्हणून घोषित करून तसे सही केलेले प्रमाणपत्र दिले होते. मग वारा ज्या दिशेने वाहतो आहे त्या दिशेला त्याने शीड वळवले, एवढाच याचा अर्थ का घेऊ नये?

---

शाईओल

शंका रास्त आहे आणि ब्रोटार्सच्या समकालीनांनाही ती आली असणार.

निमंत्रणपत्रिकेतला 'अप्रामाणिक' हा शब्द मी कबुलीजबाब म्हणून वाचत नाही. कवी वीस वर्षे प्रामाणिकपणे लिहितो आणि त्याला कोणी विचारत नाही. वस्तू तयार केली की ती विकत घ्यायला लोक येतात. या व्यवहारातली विसंगती ज्याला दिसली त्याने ती निमंत्रणपत्रिकेवरच छापून टाकली आणि दलालीचे टक्केही लपवले नाहीत. अप्रामाणिकपणाचे इतके उघड निवेदन करणारा माणूस फसवत नसतो. 'कला' हा शब्द उच्चारताच त्यामागचा पैसा दिसेनासा होतो, आणि तो दिसत राहावा अशी त्याची धडपड आहे.

सीगल आणि मान्झोनी यांचा प्रभाव मी नाकारत नाही. पण सीगलच्या प्लास्टरमध्ये माणसे आहेत. ब्रोटार्सने प्लास्टरमध्ये स्वतःची पुस्तके घातली, आणि वाऱ्याबरोबर जाणाऱ्या माणसाला आपलेच पुस्तक वाचण्यापलीकडे नेऊन ठेवण्याची गरज पडत नाही.

---

अभिरक्षक

मी महाराष्ट्रातील एका जुन्या संग्रहालयात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे ब्रोटार्सच्या संग्रहालयाविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. धाग्यात त्याचा केवळ उल्लेख झाला आहे.

मे १९६८ मध्ये पॅरिसपाठोपाठ ब्रसेल्समध्येही असंतोष उसळला आणि कलावंतांनी तिथल्या कलाभवनाचा ताबा घेतला. ब्रोटार्स त्यांच्यात होता. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला त्याने आपल्या राहत्या घरी, रू द ला पेपिनिएर या रस्त्यावर, एक संग्रहालय उघडले. नाव होते 'आधुनिक कला संग्रहालय, गरुड विभाग, एकोणिसावे शतक'. त्यात एकही मूळ चित्र नव्हते. चित्रे वाहून नेण्याची लाकडी खोकी होती, त्यांवर 'काळजीपूर्वक हाताळा', 'कोरडे ठेवा' असे ठसे होते, आणि भिंतीवर एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांची पोस्टकार्डे होती. उद्घाटनाचे भाषण करायला एका खऱ्या संग्रहालयाचे संचालक आले होते. बाहेर चित्रे वाहणारी मालमोटार उभी केली होती. आमंत्रण, भाषण, पाहुणे, पेये, खोकी, नामफलक असे सर्व काही होते. संग्रहालय म्हणून जे जे लागते ते सगळे जमवले आणि त्यातून फक्त कलाकृती वजा केली, तरी ते संग्रहालयच वाटते, हे त्याने दाखवून दिले.

बरोबर एक वर्षाने तो विभाग बंद झाला आणि अँटवर्पमध्ये सतराव्या शतकाचा विभाग उघडला. त्याच सुमारास बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत संग्रहालयाचा नकाशा रेखून त्याने 'दस्तऐवज विभाग' स्थापन केला, तो भरतीच्या पाण्याने पुसून टाकला. पुढे आर्थिक विभागाने दिवाळखोरीमुळे संग्रहालय विक्रीला काढले असल्याची जाहिरात १९७१ च्या कोलोन कला जत्रेत केली, आणि निधी उभारण्यासाठी गरुडाचा छाप असलेली सोन्याची लगड बाजारभावाच्या दुप्पट किमतीला देऊ केली. अर्धी किंमत सोन्याची आणि अर्धी किंमत कलेची. कलेचे मूल्य इतक्या स्वच्छ अंकगणितात दुसऱ्या कोणी मांडलेले मला आठवत नाही.

१९७२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कलादालनात 'गरुड, ऑलिगोसीन युगापासून आजपर्यंत' हे प्रदर्शन भरले. अनेक संग्रहालयांतून आणि खासगी मालकांकडून गरुडाचे चित्र, चिन्ह किंवा आकृती असलेल्या शेकडो वस्तू त्याने मागवल्या. त्यांत प्राचीन शिल्पे होती, चित्रे होती, राजमुद्रा होत्या, लष्करी बिल्ले होते आणि बाटल्यांवरची लेबलेही होती. प्रत्येक वस्तूजवळ क्रमांक आणि 'ही कलाकृती नाही' हे वाक्य फ्रेंच, जर्मन किंवा इंग्रजीत लिहिलेली पाटी होती. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने १९१७ मध्ये मुतारीचे भांडे पाठवून ती कलाकृती असल्याचे जाहीर केले होते, आणि माग्रितने १९२९ मध्ये चिलमीच्या चित्राखाली ही चिलीम नव्हे असे लिहिले होते. या दोन्ही कृतींचा संयोग आपण या पाटीत केला आहे, असे ब्रोटार्सने स्वतः सांगितले होते.

पाटी लिहिणाऱ्या माणसाच्या हातात किती सत्ता असते, याचा अनुभव मी घेतला आहे. आमच्याकडे देवळातून आलेल्या एका समईवर 'धातुकाम, एकोणिसावे शतक' अशी पाटी होती. समोर उभ्या राहिलेल्या आजी त्या समईला नमस्कार करत आणि त्यांच्याबरोबरची मुले पाटी वाचत. वस्तू एकच होती. पाटीमुळे तिचे देवत्व जाऊन ती कारागिरी झाली होती. ब्रोटार्सच्या गरुडांच्या पाट्यांविषयी मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ती समई माझ्या डोळ्यांपुढे आली. गरुड म्हणजे सत्ता, साम्राज्य आणि विजय. त्याला शेकडो वेळा 'ही कलाकृती नाही' असे म्हटले की उरतो तो फक्त सत्तेचा पक्षी, आणि त्याला आजवर सौंदर्याच्या नावाखाली किती आदर मिळत होता ते लख्ख दिसते.

१९७२ मध्येच कासेल येथील पाचव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्याने हे संग्रहालय बंद केले. चार वर्षांत त्याचे काम झाले होते.

---

किनाऱ्याकाठी

अभिरक्षक, तुमचा समईचा अनुभव वाचून थांबले. कासेलच्या त्याच वर्षातली एक गोष्ट इथे जोडते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने हान्स हाके या कलावंताचे नियोजित प्रदर्शन रद्द केले होते, कारण त्यातल्या एका कामात शहरातील घरमालकांच्या स्थावर व्यवहारांची उघड नोंद होती. पुढच्या वर्षी त्याच संग्रहालयाने युरोपीय कलावंतांचे प्रदर्शन मांडले तेव्हा ब्रोटार्सने आपले काम काढून घेतले, आणि प्रदर्शनात राहिलेल्या योसेफ बॉइस या जर्मन कलावंताला उद्देशून ड्युसेलडॉर्फच्या एका वृत्तपत्रात पत्र छापले. ते पत्र त्याने बॉइसला सरळ लिहिलेच नाही. एका पडक्या घरात सापडलेले, संगीतकार ऑफेनबाखने संगीतकार वाग्नरला लिहिलेले जुने पत्र म्हणून त्याने ते सादर केले. राजाची मर्जी सांभाळणाऱ्या वाग्नरला ऑफेनबाख प्रश्न विचारतो आणि वाचणाऱ्याला कळते की प्रश्न बॉइसला आहे. निषेधाचे पत्रसुद्धा ज्याला रूपकाशिवाय लिहिता येत नाही तो कवीच, या तुमच्या मूळ मुद्द्याला या पत्राने बळ मिळते असे मला वाटते.

दुसरा मुद्दा बेल्जियमचा. १९६४–६५ मध्ये त्याने माणसाच्या मांडीचे एक खरे हाड घेऊन ते बेल्जियमच्या झेंड्याच्या काळ्या, पिवळ्या आणि लाल रंगांत रंगवले. काँगो बेल्जियमच्या ताब्यातून स्वतंत्र होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पुढे १९७४ मध्ये त्याने ब्रसेल्सच्या कलाभवनात कुंड्यांमधले ताड, बागेतल्या खुर्च्या आणि प्राण्यांची जुनी खोदचित्रे मांडून 'हिवाळी बाग' तयार केली आणि त्यासाठी एका उंटालाही त्या इमारतीत आणले. पाहणाऱ्याला ती दिवाणखान्यासारखी सुखद वाटते. पण ब्रसेल्सजवळ लाकेन येथे राजा दुसऱ्या लिओपोल्डने बांधलेली अवाढव्य काचघरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते ताड कोठून आले हे सांगावे लागत नाही. ज्या राजाच्या काँगोत रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले, त्याच राजाच्या बागेत उष्ण प्रदेशातली झाडे काचेखाली जपली जात होती. समीक्षकांनी हा अर्थ लावला आहे आणि मला तो पटतो. ब्रोटार्स आवाज चढवत नाही, तो फक्त कुंडी योग्य जागी ठेवतो.

---

फ्रेंचवाचक

मला शिंपल्यांविषयी लिहायचे आहे, कारण त्यांच्याशिवाय ब्रोटार्स पुरा होत नाही आणि अनुवादकाची खरी परीक्षा तिथे आहे.

उकडलेले शिंपले आणि तळलेले बटाटे हे बेल्जियमचे घरोघरचे जेवण. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्यांच्या जातीचे हे काळेनिळे शिंपले ब्रोटार्सने पातेल्यांत, पेट्यांत आणि फलकांवर शेकड्यांनी वापरले. फ्रेंचमध्ये त्यांना 'मूल' म्हणतात. हा शब्द स्त्रीलिंगी असेल तर अर्थ शिंपला, आणि पुल्लिंगी असेल तर अर्थ साचा. आपल्याकडे 'तो वेळ' आणि 'ती वेळ' यांत लिंग बदलले की अर्थ सरकतो, तसाच हा प्रकार, पण इथले अंतर फार मोठे आहे. ब्रोटार्सच्या एका छोट्या कवितेत ही चतुर शिंपली समाजाचा साचा चुकवते आणि स्वतःच्याच साच्यात स्वतःला ओतून घेते. तिला आकार देणारे कवच तिनेच तयार केले आहे, म्हणून ती परिपूर्ण आहे.

हे मराठीत आणण्याचा प्रयत्न मी दोनतीनदा केला. 'शिंपली' आणि 'साचा' यांचा मराठीत एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे कविता एक तर विनोद समजावून सांगितल्यासारखी होते किंवा तिच्यातला विनोदच नाहीसा होतो. 'घडण' हा शब्द वापरून पाहिला, कारण त्यात घडवणेही येते आणि घडलेला आकारही येतो. 'समाजाची घडण चुकवून ती आपल्याच घडणीत घडली' ही ओळ वाईट नाही, पण तिच्यात समुद्र उरला नाही. आता मला वाटते की ब्रोटार्सने हाच प्रश्न सोडवण्यासाठी खरे शिंपले आणले असावेत. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जात नाही, पण पातेले जाते. आणि तरीही फ्रेंच न जाणणाऱ्या माणसाला त्या पातेल्यात फक्त जेवण दिसते. धाग्याच्या सुरुवातीला सांगितलेली पुस्तकांची कथा इथे पुन्हा घडते.

---

वाचनखूण

माझी पहिली शंका बरीचशी फिटली आहे. आता दुसरी विचारतो. संग्रहालयांवर इतकी मार्मिक टीका करणाऱ्या ब्रोटार्सचे काम आज कोठे आहे? संग्रहालयांतच. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचे मोठे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले, मग ते माद्रिद आणि ड्युसेलडॉर्फला गेले. मग त्या टीकेचा परिणाम काय झाला? आणि नंतरच्या पिढ्यांवर त्याचा प्रभाव पडला असे म्हणतात तो नेमका कोणत्या स्वरूपाचा?

---

शाईओल

त्याचे काम संग्रहालयांत जाईल हे त्याला ठाऊक होते. सोन्याची लगड दुप्पट किमतीला विकणाऱ्याला हे ठाऊक नसते तर नवल. संग्रहालये मोडावीत अशी त्याची मागणी मला त्याच्या कामात कोठे दिसत नाही. संग्रहालय हेही लिहिलेले असते, त्यालाही व्याकरण असते आणि म्हणून ते वाचता येते, हे तो दाखवतो.

प्रभावाविषयी मला असे दिसते. संग्रहालय ही संस्थाच कलावंताच्या कामाचा विषय होऊ शकते, ही वाट त्याने आणि हाकेसारख्या त्याच्या दोनचार समकालीनांनी रुळवली. १९९२ मध्ये फ्रेड विल्सन या अमेरिकन कलावंताने बाल्टिमोरच्या इतिहाससंस्थेच्या कोठारातील वस्तू नव्याने मांडल्या आणि चांदीच्या नक्षीदार भांड्यांशेजारी गुलामांच्या पायांतल्या बेड्या ठेवल्या. दोन्हींवर 'धातुकाम' अशी एकच पाटी होती. अभिरक्षकांनी सांगितलेली समईची पाटी वाचताना मला हीच पाटी आठवली. विल्सनने ब्रोटार्सची नक्कल केली असे मी म्हणत नाही, पण ज्या वाटेने तो चालला ती आधी चालून झालेली होती.

दुसरा प्रभाव विचारांच्या पातळीवरचा. रोझलिंड क्राऊस या समीक्षिकेने शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकाला ब्रोटार्सच्या उत्तर समुद्रावरील चित्रपटाचेच नाव दिले. चित्र, शिल्प, कविता असे माध्यमांचे शुद्ध कप्पे मोडल्यावर कलावंताने कशाच्या आधाराने काम करायचे, हा प्रश्न तिने त्याच्या कामावरून मांडला आणि त्यावर आजही वाद चालू आहे.

तिसरा प्रभाव पुस्तकांचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. त्या काळ्या पट्ट्यांना पुढच्या कलावंतांनी उत्तरे दिली. २००८ मध्ये मिखालिस पिखलरने तेच पुस्तक पुन्हा काढले आणि पट्ट्यांच्या जागी कागद कापून भोके पाडली. मालार्मेने शब्द आणि कोरी जागा दिली, ब्रोटार्सने शब्द झाकला, पिखलरने झाकणही काढून घेतले. शंभर वर्षांहून अधिक काळ एक कविता अशी हातोहात पुढे जात राहते, याला मी परंपराच म्हणेन.

कोठून सुरुवात करावी असे कोणी विचारले, तर मी १९६९ मधला 'पाऊस' हा सुमारे दोन मिनिटांचा मूक चित्रपट सुचवीन. ब्रसेल्समधल्या घराच्या बागेत ब्रोटार्स एका खोक्यासमोर बसून टाक दौतीत बुडवून लिहितो आहे आणि वरून पाणी कोसळते आहे. शाई वाहून जाते, तो पुन्हा टाक बुडवतो, पुन्हा लिहितो. दौत पाण्याने भरून वाहू लागते. तो एकदाही वर पाहत नाही. चित्रपटाचे उपशीर्षक आहे 'एका मजकुरासाठी प्रकल्प'. ज्या वर्षी त्याने मालार्मेचे शब्द काळ्या पट्ट्यांखाली झाकले त्याच वर्षी तो पावसात लिहीत होता. कविता त्याने सोडली होती का, हे हा चित्रपट पाहून प्रत्येकाने ठरवावे.

२८ जानेवारी १९७६ रोजी, आपल्या बावन्नाव्या वाढदिवशी, कोलोनमध्ये यकृताच्या आजाराने त्याचा मृत्यू झाला. कलावंत म्हणून त्याला बाराच वर्षे मिळाली.

---

किनाऱ्याकाठी

मी काही वर्षे लंडनमध्ये राहिले आणि तिथल्या टेट संग्रहालयाकडे ब्रोटार्सचे १९६४ मधले एक पातेले आहे, ते मी पाहिले आहे. काळे पातेले, त्यातून उंच वर आलेली शिंपल्यांची रास आणि त्या राशीने उचललेले झाकण. उकळी फुटून पातेले उतू जावे तशी ती रास दिसते. ब्रोटार्सने मात्र स्पष्ट म्हटले होते की हे वर येणे उकळण्याच्या नियमाने झालेले नाही, ते कृत्रिमतेच्या नियमाने झाले आहे. शिंपले राळेने एकमेकांना चिकटवलेले आहेत.

माझे बालपण रत्नागिरीकडे गेले. त्यामुळे त्या पातेल्यासमोर उभी असताना मला जी गोष्ट खटकली ती कदाचित कलेच्या अभ्यासकाला खटकली नसती. शिंपले उकळत्या पाण्यात पडले की उघडतात. उकडल्यावरही जो उघडत नाही तो खायचा नसतो, तो बाजूला काढून टाकायचा, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. त्या पातेल्यातले सगळे शिंपले मिटलेले आहेत, आणि कामाच्या नावातही 'मिटलेले शिंपले' असेच म्हटले आहे. 'पाँस-बेत' चे प्लास्टर त्याच वर्षीचे आहे हे मला आज हा धागा वाचताना कळले.

---

फ्रेंचवाचक

किनाऱ्याकाठी, तुमच्या या निरीक्षणानंतर कवितेचा अनुवाद पुन्हा हाती घेतो आहे. 'घडण' हा शब्द सोडून देतो आणि 'मिटणे' या क्रियापदापासून सुरुवात करून पाहतो. शिंपलीही मिटते, पुस्तकही मिटते. मूळ कवितेतला श्लेष त्यात येणार नाही, पण मराठीचा स्वतःचा एक तरी येईल. आठवडाभरात मसुदा इथेच टाकतो.